आधी काट्यावर चला: काळ्या पाषाणात धूर पुरायच्या गोष्टी

पोस्ट लांब आहे. सवडीने वाचा, पण पूर्ण वाचा. विषय प्रयोगशाळेतला वाटेल, पण शेवटी तो आपल्या बोअरच्या पाण्यावर येऊन थांबतो.

नोव्हेंबर २०२२ मध्ये नीती आयोगाने एक अहवाल काढला. वीज केंद्रं, सिमेंट आणि पोलादाचे कारखाने यांच्या धुरातला कार्बन डायऑक्साइड पकडायचा, दाबायचा आणि वापरायचा किंवा जमिनीच्या पोटात कायमचा पुरायचा, हा त्याचा विषय. त्यात देशाच्या जमिनीखाली साधारण ४०० ते ६०० अब्ज टन वायू मावेल असा अंदाज दिलाय. त्यातला ९७ ते ३१६ अब्ज टनांचा वाटा बेसॉल्टचा. बेसॉल्ट म्हणजे दुसरं तिसरं काही नाही, आपला काळा पाषाण. गाळण्याचा डोंगर ज्याचा आहे तो. विहीर खोदताना आपले सुरुंगाचे पैसे ज्याच्यावर जातात तो.

तेव्हापासून हा आकडा फिरतोय. भाषणात फिरतो, प्रेझेंटेशनमध्ये फिरतो, बातमीत फिरतो. फिरता फिरता त्यातला ९७ गळून पडतो आणि ३१६ तेवढा उरतो. ‘अंदाज’ हा शब्द गळतो आणि ‘क्षमता’ उरते. मग कुणीतरी म्हणतं, आता कोळशाची काळजी कशाला, धूर ठेवायला दख्खनचं पठार आहे की!

९७ ते ३१६. जरा थांबून बघा या दोन आकड्यांकडे. कांद्याचा व्यापारी तुमच्या चाळीकडे रस्त्यावरूनच बघून म्हणाला, यात ९७ क्विंटल असेल, नाहीतर ३१६ असेल, तर तुम्ही त्या मापावर सौदा कराल का? कसमादेतलं शेंबडं पोरगंही सांगेल: आधी काट्यावर चला.

माझं म्हणणं एवढंच आहे. जमिनीखाली धूर पुरायला मी आंधळा विरोध करत नाही. पण न मोजलेल्या जागेच्या जोरावर कुणी धोरण आखत असेल, तर त्याला काट्यावर ओढलंच पाहिजे. आणि या धंद्यातला पहिला काटा म्हणजे सिस्मिक सर्वेक्षण.

आकडा येतो कुठून?

सोपं गणित आहे. खडकाचं क्षेत्रफळ घ्या, त्याची जाडी धरा, त्यात पोकळी किती टक्के ते धरा, त्या पोकळीतली किती वापरता येईल ते धरा, गुणाकार करा. दख्खनचा बेसॉल्ट सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलाय. एवढ्या मोठ्या क्षेत्रफळाला कशानेही गुणलं तरी उत्तर अब्जांतच येणार. यात चार गोष्टींपैकी तीन ‘धरलेल्या’ आहेत. अशा आकड्याला शास्त्रज्ञ ‘सैद्धांतिक क्षमता’ म्हणतात, आणि तसं म्हणण्यात ते प्रामाणिकच असतात. अप्रामाणिकपणा पुढे सुरू होतो, जेव्हा तोच आकडा गोदामाच्या पावतीसारखा दाखवला जातो.

जाडीचंच बघा. वायू खोलवर दाटसर स्थितीत राहावा म्हणून तो साधारण ८०० मीटरच्या खाली सोडावा लागतो. तिथे दाब आणि उष्णता एवढी असते की तो धड वायू राहत नाही, धड पाणीही होत नाही, पण कमी जागेत भरपूर मावतो. आता १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला विहीर खणली, तर ३३८ मीटरवर बेसॉल्ट संपला. कोयनेला तीन किलोमीटर खोल प्रायोगिक विहीर खणली, तिथे बेसॉल्ट साधारण साडेबाराशे मीटर निघाला. एकच दख्खन, पण जाडीत जवळपास चौपट फरक. किल्लारीचा बेसॉल्ट या कामाला उपयोगाचाच नाही, कारण ८०० मीटरवर तो उरतच नाही. नकाशावर मात्र दोन्ही ठिकाणी एकच रंग आहे.

पोकळीची गोष्ट त्याहून मजेदार. आपल्याकडे बोअरवाल्याला विचारा, तो सांगेल: वर मुरूम, मग पाषाण, मग मांजऱ्या, मधेच लाल मातीचा पट्टा, पुन्हा पाषाण. एकावर एक लाव्हाचे थर बसलेत, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे. प्रत्येक थराच्या माथ्याला बुडबुड्यांची भोकं असतात. वायू मावणार तो या भोकांत. पण भोकं रिकामी आहेत का? नाशिक-जळगाव भागातल्या खाणींतून आणि विहिरींतून निघणारे चमकदार पांढरे-हिरवे स्फटिक जगभरचे शौकीन विकत घेतात. ते झिओलाइट आणि त्यांचे भाऊबंद. ते वाढले कुठे? याच भोकांत. म्हणजे आपल्या खडकाच्या खिशात आधीच बराच माल भरलाय. किती खिसे भरले आणि किती रिकामे, हे ठिकाणागणिक बदलतं. ते घरात बसून ‘धरता’ येत नाही.

ठोकून बघणं म्हणजे काय

माठ घेताना आपण बोटाने वाजवून बघतो. आवाजावरून कळतं, पक्का भाजलाय की चीर आहे. सिस्मिक सर्वेक्षण म्हणजे हेच, मोठ्या प्रमाणावर. जमिनीला हादरा द्यायचा. कधी जड ट्रकच्या पोटाखालच्या थरथरत्या पाटीने, कधी छोट्या भोकात काही किलो स्फोटक उडवून. तो हादरा खाली जातो, थराथरावर आपटून परत येतो. वर ओळीने जिओफोन म्हणजे जमिनीचे कान लावलेले असतात. कुठला आवाज किती वेळाने परत आला यावरून खालच्या थरांचं चित्र काढायचं. एका रेषेत केलं तर जमिनीचा उभा काप दिसतो. दाट जाळ्यात केलं तर सगळा ठोकळा दिसतो. आणि दर काही वर्षांनी पुन्हा केलं तर खाली सोडलेला वायू कुठे सरकला तेही दिसतं.

हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. नॉर्वेने समुद्रात स्लाइपनर इथे १९९६ पासून वर्षाला साधारण दहा लाख टन वायू समुद्रतळाखालच्या वाळूच्या खडकात सोडला. त्याआधी १९९४ मध्ये त्यांनी त्या जागेचं सिस्मिक चित्र घेऊन ठेवलं होतं. १९९९ मध्ये पुन्हा घेतलं, तर दिसलं की मधले पातळ चिखलखडकाचे थर पार करून वायू थेट वरच्या जाड झाकणापर्यंत पोचलाय. झाकणाने तो धरून ठेवला, ही चांगली गोष्ट. पण हे कळलं कशामुळे? १९९४ चं चित्र हातात होतं म्हणून. पहिलं चित्र नसेल तर दुसऱ्याची तुलना कशाशी करणार? वायू सोडून झाल्यावर ‘आधीचं’ चित्र कुठलीही कंपनी कितीही पैसे टाकून आणू शकत नाही.

आपल्या अंगणात काय झालंय

आपल्याकडे काहीच झालं नाही असं नाही. हैदराबादच्या एनजीआरआय या सरकारी संस्थेने सत्तरच्या दशकात कोयना भागात खोल सिस्मिक रेषा टाकल्या: गुहागर ते चोरोची आणि केळशी ते लोणी. पुढे मध्य प्रदेशातल्या थुआदऱ्यापासून सेंधव्यावरून खानदेशातल्या सिंदाडपर्यंत एक रेषा आली. नंतर नारायणपूर–नंदुरबार आणि कोठार–साक्री या रेषांवर काम झालं. साक्री म्हणजे आपल्या बागलाणला लागून. या कामातून डॉ. के. एल. कैला आणि त्यांच्यानंतरच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं की नर्मदा-तापी पट्ट्यात काळ्या पाषाणाच्या खाली जुन्या गाळाचे खडक दडलेत, लाव्हा येण्याआधीचे. वरून बघून कुणाला हे कळलं नसतं. काट्याची ताकद ही असते.

आणि म्हणूनच आपण जागं राहायला हवं. कारण धूर पुरणाऱ्यांना दोन जागा आवडतात: एक बेसॉल्ट स्वतः, आणि दुसरी बेसॉल्टच्या झाकणाखालचे हे गाळाचे खडक. दुसरी जागा खानदेशाच्या पोटात आहे हे जुन्या रेषांनीच दाखवून ठेवलंय. उद्याच मालेगावात विहीर खणणार असं मी म्हणत नाही. पण नकाशात आपलं नाव कुठल्या रंगात येईल, ते आज समजून घेतलेलं बरं.

मात्र या जुन्या रेषा साठवणुकीच्या कामाच्या नाहीत. त्या पृथ्वीच्या कवचाची जाडी बघायला टाकल्या होत्या. ऑक्टोबर २०१६ मध्ये केंद्राने तेल-वायूसाठी ४८,२४३ किलोमीटरच्या सिस्मिक रेषांचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला, त्याचाही हेतू वेगळा होता. तालुक्यातून एक रेषा गेली म्हणजे तालुका मोजला असं होत नाही. मालेगाव-चाळीसगाव रस्त्याने एकदा एसटीने गेलं म्हणून गावागावातली विहीर बघून झाली असं कुणी म्हणेल का?

काळा पाषाण काट्यालाही चकवतो

आता खरी अडचण. नॉर्वेच्या वाळूत जे सिस्मिक लख्ख दिसतं, ते बेसॉल्टमध्ये दिसत नाही. आवाज बेसॉल्टमध्ये सेकंदाला पाच किलोमीटरच्या आसपास पळतो. थर पुष्कळ, प्रत्येकाचा माथा भोकांचा, मध्ये लाल मातीचे पट्टे. हादरा खाली जाता जाता विखुरतो, परत येताना पुन्हा विखुरतो. वर पोचतो तो गोंगाट. त्यात बेसॉल्टखालचे गाळाचे खडक मऊ, तिथे आवाज हळू पळतो. वर कडक आणि खाली मऊ अशी रचना असेल तर जुन्या पद्धतीच्या सर्वेक्षणातून मऊ थर निसटतो.

दुसरी अडचण डाइकची. धुळे-नंदुरबार पट्ट्यात लाव्हाच्या उभ्या भिंती जमिनीत घुसल्यात, शेकड्यांनी. शेताशिवारातून मैलोन् मैल सरळ जाणारी काळ्या दगडांची रांग बघितली असेल तुम्ही, तीच. त्यांना जुने लोकही ओळखतात, कारण भिंतीच्या एका बाजूच्या विहिरीला पाणी लागतं आणि दुसऱ्या बाजूची कोरडी राहते. ही भिंत खालच्या वायूला अडवेल की तिच्या कडेच्या भेगेतून वर येऊ देईल? प्रश्न लाखमोलाचा. आणि वरून ठोकणारं सर्वेक्षण आडवे थर दाखवण्यात हुशार असतं, उभी भिंत त्याला नीट दिसत नाही.

म्हणजे सर्वेक्षण निरुपयोगी? नाही. म्हणजे नुसत्या सर्वेक्षणावर भागत नाही. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या वल्लुला इथे आपल्यासारखाच बेसॉल्ट आहे. तिथे आधी सिस्मिक केलं, मग २००९ मध्ये सव्वा किलोमीटर खोल विहीर खणली, मग चार वर्षं तपासण्या केल्या, आणि २०१३ मध्ये वायू सोडला. किती? ९७७ टन. दोन वर्षांनी खडकाचे तुकडे काढून बघितले तर वायूचं खरोखर दगडात रूपांतर होताना दिसलं. उत्तम विज्ञान आहे. पण ९७७ टन म्हणजे ५०० मेगावॅटच्या एका कोळसा संचाचा दोन-तीन तासांचा धूर. एवढ्याशा धुरासाठी त्यांनी एवढं मोजलं. आपण अब्जांच्या गोष्टी करतोय, आणि मोजणीचा पत्ता नाही.

पाण्याचं गणित

बेसॉल्टमध्ये वायू पुरायच्या दोन रीती आहेत. इथे नीट लक्ष द्या.

पहिली आइसलँडची, कार्बफिक्सची. वायू पाण्यात विरघळवून सोडायचा, सोड्याच्या बाटलीसारखा. विरघळलेला वायू वर पळत नाही, खडकाशी भिडतो आणि चुनखडीसारखा दगड होतो. २०१२ च्या त्यांच्या प्रयोगात ९५ टक्क्यांहून जास्त वायू दोन वर्षांच्या आत दगड झाला. प्रत्येक भाषणात हा ९५ टक्के येतो. भाषणात जे येत नाही ते मी सांगतो: प्रयोग अडीचशे टनांच्या आत होता, आणि एक टन वायूला सुमारे २५ टन पाणी लागलं.

हिशेब करू. भुसावळजवळ दीपनगरला ५०० मेगावॅटचे दोन संच आहेत. त्यातला एक वर्षभर ७० टक्के क्षमतेने चालला असं धरा. साधारण ३०० कोटी युनिट वीज. युनिटमागे साडेनऊशे ग्रॅम धरले तर सुमारे २९ लाख टन वायू. त्याला २५ ने गुणा: सव्वासात कोटी टन पाणी, म्हणजे साधारण २,५५० दशलक्ष घनफूट. चणकापूर धरणाचा उपयुक्त साठा आहे २,४२७ दशलक्ष घनफूट. एका संचाच्या एका वर्षाच्या धुराला एक अख्खं चणकापूर, वर थोडं अजून. हरणबारी तर त्याच्या निम्म्यालाही पुरत नाही. गिरणेच्या आवर्तनावरून वरचे आणि खालचे दरवर्षी भांडतात, हंडे-मोर्चे निघतात, आणि या पट्ट्यात हे गणित कोण मांडणार?

यावर उत्तर येतं: तेच पाणी खालून उपसून पुन्हा वापरता येतं, समुद्राचं पाणीही चालू शकतं. समुद्र आपल्याकडे नाही. आणि एक किलोमीटर खाली उपसण्याएवढं पाणी आहे का, ते खारं आहे की गोडं, वरच्या पाण्याशी जोडलेलं आहे का, हे कुणी मोजलंय? पुन्हा तोच काटा.

या रीतीत अजून एक गोम आहे. पाण्यात विरघळलेला वायू सिस्मिकला जवळपास दिसतच नाही, दगड झालेला तर नाहीच. आइसलँडवाल्यांनी तो शोधला पाण्यात खुणेची रसायनं टाकून आणि आजूबाजूच्या निरीक्षण विहिरींचं पाणी सतत तपासून. म्हणजे ही रीत निवडली तर ‘आम्ही सिस्मिकने लक्ष ठेवू’ हे आश्वासन फुसकं आहे. तिथे निरीक्षण विहिरींचंच जाळं लागतं.

दुसरी रीत वल्लुलाची. वायू नुसताच दाबून सोडायचा. पाणी लागत नाही. पण मग तो दगड होईपर्यंत हलका असतो, वर यायला बघतो. त्याला अडवायला वरचं झाकण पक्कं पाहिजे. आणि झाकण पक्कं आहे का, डाइकच्या कडेला फट आहे का, हे बघायला सिस्मिक पाहिजे, जे काळ्या पाषाणात धूसर दिसतं.

म्हणजे एका रीतीत पाण्याचा प्रश्न, दुसरीत झाकणाचा. जो कुणी आपल्यासमोर प्रकल्प घेऊन येईल, त्याला पहिला प्रश्न हाच विचारा: दोन्हीपैकी कुठली रीत? त्याला उत्तर देता आलं नाही, तर पुढचे स्लाइड बघू नका.

दुसऱ्या बाजूचाही समाचार घेऊ

आता ज्यांना वरचं वाचून आनंद झाला त्यांच्याकडे वळतो. सर्वेक्षणाचा ट्रक दिसला की व्हॉट्सॲपवर सुरू होतं: हे लोक भूकंप घडवतात, बोअर आटवतात, सोनं शोधतात, जमीन हडपतात. पोरं जिओफोनच्या वायरी कापतात. भाऊ, सर्वेक्षण म्हणजे प्रकल्प नव्हे. सर्वेक्षण अडवून तुम्ही काय मिळवता? मोजणी होत नाही, आणि न मोजलेला आकडा तसाच फिरत राहतो. काटा फोडल्याने भाव वाढत नाही.

सर्वेक्षणाच्या हादऱ्याने भूकंप होत नाही. पण स्फोटकाचं भोक विहिरीला खेटून घेतलं तर कच्च्या बांधकामाला चीर जाऊ शकते, उभ्या पिकातून ट्रक गेला तर नुकसान होतंच. त्याचं उत्तर अंतराचा नियम, आधी-नंतरचे फोटो आणि भरपाई. वायरी कापणं हे उत्तर नाही.

भूकंपाची खरी काळजी सर्वेक्षणाची नाही, नंतरच्या दाबाची आहे. खोलवर दाब वाढला की जुनी भेग सरकू शकते. हे महाराष्ट्राला कुणी शिकवायची गरज नाही. कोयनेचं धरण १९६२ मध्ये भरायला लागलं, धक्के सुरू झाले, आणि ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर कोसळलं. तिथे आजही धक्के बसतात. पालघरात नोव्हेंबर २०१८ पासून धक्क्यांची मालिका लागली. आपल्या कळवणच्या दळवट भागातल्या लोकांनाही जमिनीचं गुरगुरणं नवीन नाही. म्हणूनच वायू सोडायच्या आधी जुन्या भेगा कुठे आहेत हे सिस्मिकने बघायचं असतं. भूकंपाची भीती असेल तर सर्वेक्षण मागा, अडवू नका.

तसंच कॅमेरूनच्या न्योस तलावाची गोष्ट फिरवली जाते. १९८६ मध्ये तलावातून वायू उसळला, सतराशेवर माणसं गुदमरली. घटना खरी आहे, पण ते ज्वालामुखीचं तळं होतं, साठलेला वायू एका रात्रीत बाहेर पडला. किलोमीटरभर खडकाखालून असं होत नाही. भीती दाखवायचीच असेल तर खरी दाखवा: अमेरिकेत मिसिसिपी राज्यात सटार्शिया गावाजवळ फेब्रुवारी २०२० मध्ये या वायूची पाइपलाइन फुटली, पंचेचाळीस लोक दवाखान्यात गेले. धोका पाइपलाइनीत आहे, जुन्या बोअरमध्ये आहे, विहिरीच्या गंजलेल्या केसिंगमध्ये आहे. इलिनॉयमधल्या डेकेटरला २०२४ मध्ये गळती उघड झाली ती निरीक्षण विहिरीतूनच. आता मला सांगा, आपल्या तालुक्यात किती बोअर आहेत, किती खोल आहेत, किती उघडे पडलेत, याची पूर्ण यादी कुणाकडे आहे?

चांगल्या जागाही फसवतात

‘मोजलं की झालं’ असंही समजू नका. नॉर्वेच्याच स्नोव्हिटला २००८ मध्ये वायू सोडायला सुरुवात केली. सर्वेक्षण झालेलं, माणसं तीच हुशार. तरी दाब अंदाजापेक्षा भराभर वाढला आणि २०११ मध्ये दुसऱ्या थरात जावं लागलं. अल्जीरियाच्या इन सलाहला २००४ पासून ३८ लाख टन सोडले, तर वरची जमीन काही मिलिमीटर फुगलेली उपग्रहाने पकडली. २०११ मध्ये काम थांबवलं. या दोन्ही ठिकाणी अनर्थ टळला, कारण कुणीतरी सतत बघत होतं आणि थांबायची तयारी होती. आपल्याकडे थांबवायचा अधिकार कुणाकडे असेल?

इथे कायद्याची गंमत बघा. युरोपात २००९ पासून यासाठी कायदा आहे: वायू सोडणं बंद केल्यावरही जबाबदारी साधारण किमान वीस वर्षं कंपनीवर. अमेरिकेत अशा विहिरींचा वेगळा परवाना आहे आणि बंद केल्यानंतर पन्नास वर्षं देखरेखीचा नियम. आपल्याकडे यासाठी स्वतंत्र कायदाच नाही. जमिनीखालची खनिजं सरकारची, असं महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम ४८ सांगतं. पण खडकातली पोकळी हे खनिज आहे का? ती सातबाऱ्यावरच्या मालकाची की सरकारची? वायू माझ्या शेताखालून सरकत तुमच्या शेताखाली गेला तर नोटीस कुणाला? उत्तर नाही. आणि उत्तर नसताना आपण अब्ज टन वाटत सुटलोय.

‘हवामान बदल दारात आलाय आणि तुम्ही खोड्या काढताय,’ असं कुणी म्हणेल. हवामान बदल काय असतो हे गारपिटीत डाळिंबाची बाग गमावलेल्याला शिकवू नका. उलट, त्याच कारणाने मला घाई नको आहे. खाली जागा आहे असं गृहीत धरून आज नवं कोळशाचं धुराडं उभं केलं, आणि दहा वर्षांनी जागा ९७ ची निघाली, नाहीतर नऊचीच निघाली, तर धूर कुठे जाणार? वर, आपल्याच डोक्यावर. न मोजलेली साठवण ही उधारी आहे, आणि वसुली आपल्या पोरांकडून होईल.

मग काय मागायचं?

आमदार, खासदार, जिल्हा परिषद, ज्याच्याकडे तुमची ओळख आहे त्याच्याकडे हे मागा:

१) साठवणुकीचा आकडा सांगताना तो सैद्धांतिक आहे की सर्वेक्षण आणि विहीर करून तपासलेला, हे प्रत्येक सरकारी कागदावर लिहा.

२) दख्खनमध्ये सिस्मिक, खोल विहीर आणि चाचणी अशा क्रमाने एक-दोन प्रायोगिक जागा सरकारी संस्थांनी स्वतः कराव्या. वायू विकणाऱ्या-पुरणाऱ्या कंपनीने स्वतःची जागा स्वतःच पास करू नये.

३) सर्वेक्षणाआधी ग्रामसभेत मराठीतून माहिती द्या: कुठली रेषा, कुठल्या तारखा, स्फोटक की ट्रक, विहिरीपासून अंतर किती, भरपाई कशी. कळवण-सुरगाण्यासारख्या अनुसूचित क्षेत्रात पेसाची ग्रामसभा डावलू नका.

४) काम सुरू होण्याआधी भूजल सर्वेक्षण यंत्रणेने आजूबाजूच्या विहिरी-बोअरची पातळी आणि पाण्याची रासायनिक तपासणी करून नोंद ठेवावी. आधीची नोंद नसेल तर नंतर तक्रारीला पुरावा राहत नाही.

५) सर्वेक्षणाचा निष्कर्ष, निदान सोप्या भाषेतला, त्या गावांना द्या. पैसा जनतेचा, जमीन जनतेची, मग चित्र फक्त कंपन्यांना का?

६) पाणी कुठून आणणार, याचं लेखी उत्तर मिळाल्याशिवाय बेसॉल्टमधल्या कुठल्याही मोठ्या प्रकल्पाला परवानगी नको.

७) जबाबदारी किती वर्षं, कोणावर, हे ठरवणारा कायदा आधी. वायू नंतर.

यात अवास्तव काय आहे ते मला सांगा. नॉर्वेने आधी मोजलं, अमेरिकेने ९७७ टनांसाठी सहा-सात वर्षं घातली. आपण त्यांच्याकडून ‘९५ टक्के’ तेवढे उचलले आणि मोजमापाची शिस्त तिथेच ठेवून आलो.

सर्वेक्षणाला घाबरणारे आणि सर्वेक्षणाशिवायच आकडे वाटणारे, हे दोघे मला एकाच माळेचे मणी वाटतात. दोघांनाही खाली खरोखर काय आहे ते बघायचं नाहीये. आपल्याला बघायचंय, कारण आपलं पाणी त्याच दगडातून येतं.

पटलं तर गावाच्या ग्रुपवर टाका. नाही पटलं तर मुद्द्याचा नंबर लिहून खाली बोला, शिव्यांना उत्तर मिळणार नाही. आणि बोअरवाले, विहीर खोदणारे, जुने पाणाडी यांना खास विनंती: तुमच्या भागात किती फुटांवर काय लागलं, डाइकच्या कुठल्या बाजूला पाणी आहे, ते कमेंटमध्ये लिहा. सरकार मोजेल तेव्हा मोजेल, आपली वही आपण आजपासून भरू.